न पेटवता तापणारी पूड

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. कारखान्यांच्या वसाहतीत अदलाबदलीची पत्र्याची शेड होती. एकाला नकोसं झालेलं तिथे दुसऱ्याच्या कामी यायचं. सुतारखान्याचा भुसा वीटभट्टीला, गिरणीच्या चिंध्या यंत्रं पुसायला. त्या सकाळी मात्र शेडपुढे मालाऐवजी माणसं लोटली होती.

स्वतःला ऊबबाबा म्हणवणारा एक माणूस वाडग्यातल्या पांढऱ्या पुडीवर पाणी ओतत होता. पूड फसफसली, वाफ उठली. मग ती फडक्यात बांधून दुखऱ्या जागी लावायला तो लोकांच्या हाती देत होता.

"काडी नाही, चूल नाही! भक्ताच्या हाती गरम, पाप्याच्या हाती गार!"

"माझी गारच राहिली हो," एक म्हातारी रडवेली झाली.

"मग काय काय केलंत ते आठवा, आजी. आणि पुढच्या वेळी भेट जरा मोठी आणा."

शेड सांभाळणाऱ्या ताई दारातूनच पाहत होत्या. असे बाबा त्यांनी बरेच पाहिले होते. भांडायचा कंटाळा आला होता. त्या आत वळणार, तोच रांगेत धाकटा भाऊ दिसला. चाकाच्या खुर्चीत त्याची बायको. साखरेच्या आजाराने तिचे पाय बधिर झालेले, टाचेला न भरणारी जखम.

"अरे, दवाखान्यातलं ड्रेसिंग?"

"सोडलं. ताई, तू मध्ये पडू नकोस. इथे लोकांचे गुडघे बरे होताहेत."

"वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

"मला काही कळत नाही हो, ताई. पायाला चटका बसला तरी कळत नाही."

ताईंनी वाडग्याकडे पुन्हा नीट पाहिलं. पुडीचा तो रंग, ती फसफस त्यांच्या ओळखीची होती. देणाऱ्याला 'हे आधी काय होतं' असं विचारल्याशिवाय शेडमध्ये माल उतरत नसे. नेणारा त्याचं काय करणार, हे मात्र कुणी विचारत नसे; कचरा गेला यातच सगळे खूश. चुन्याच्या भट्टीची धूळ हा माणूस भिंती रंगवायला म्हणून इथूनच नेत होता.

त्यांनी आतून नमुन्याची बरणी आणली, धूळ ताटलीत ओतली, वर पाणी. फसफस, वाफ.

"बाबा, माझ्या बरणीत कधी शिरलात?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हा कळीचा चुना. पाणी लागलं की तापतो. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला हवेतली ओल पिऊन विझतो, मग गार राहतो. बाबांच्या मागे दोन पोती आहेत, एक बांधलेलं, एक उघडं. आजी, तुमची पूड कुठल्या पोत्यातली ते बघा. पाप शोधत बसू नका."

"पण माझा गुडघा हलका झाला!" मागून आवाज आला.

"शेकल्यावर होतोच. गरम पाण्याच्या पिशवीनेही होईल. पण उघड्या, बधिर जखमेवर हा चुना मांस जाळत जाईल, आणि वहिनींना कळणारही नाही."

भावाने मान खाली घातली आणि खुर्ची दवाखान्याकडे वळवली.

बाबा पुढे दुसऱ्या शहरात दुखण्यावर उपाय म्हणून हातात घालायची तांब्याची कडी विकू लागला; तिथेही गर्दी झाली म्हणतात. म्हातारीला आपण पापी नाही हे पटायला बराच काळ गेला. चारचौघांत खोटा पडल्याच्या रागाने भाऊ वर्षभर ताईंशी बोलला नाही. वहिनींच्या पायाचं एक बोट गेलं, पाय वाचला. ताई निवृत्त होईपर्यंत शेडमध्येच राहिल्या. दुखणाऱ्या माणसाला आशा लागते, त्यात त्याची चूक नाही. पण औषध म्हणून काही लावण्याआधी ते कशाचं आहे एवढं तरी विचारा. त्या दिवशी कुणीतरी विचारलं, म्हणून वहिनी पुढची सोळा वर्षं स्वतःच्या पायांनी चालल्या.