एकशे अठरावी झडप

“दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तूच काप.”

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी खाटेवर मांडी घालून नवरा असं म्हणाला, तेव्हा ताई वैतागलीच.

“काहीतरीच काय बोलता! नवी झडप बसवतील, आठवड्यात घरी याल.”

“पण जुनी तुझ्याच प्रयोगशाळेत येणार ना? संशोधनाला द्यायची सही केलीय मी. आयुष्यभर मी लाकूड तासलं, तू माणसं तासलीस. आता मलाही एकदा बघ की. नक्की बिघडलंय काय माझं?”

ताईने पुन्हा एकदा सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळ्याच कामांची कृती लिहिलेली असते. हृदयाच्या झडपेने हाडाचं पान कधी उघडायचं नसतं. वय झालं की काहींच्यात ते मिटलेलं पान उघडतं, आणि मऊ झडप हाड घडवायला लागते.

“म्हणजे म्हातारपणी धंदा बदलला म्हणायचा! मला जन्मात जमलं नाही ते.” तो हसला आणि त्याला धाप लागली. “कापशील ना?”

“कापीन. पडा आता.”

घरच्या माणसाचा नमुना आपण कापायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियम तिला तोंडपाठ होता. पण संशोधनाच्या बाटलीवर नाव नसतं. क्रमांक, तारीख, पुरुष की बाई, वय, बस्स. त्यावरून आपलं माणूस ओळखायला ती काय काल कामाला लागली होती? क्रमांक ११८, पुरुष, ६८. ती कुणाला काही बोलली नाही. कळलं असतं, तर बाटली तिच्या हातून गेली असती.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी तो गेला. घर खायला उठायचं, म्हणून ती लवकरच कामावर आली. झडप खड्यासारखी झाली होती. तशीच कापली असती तर पात्याचे तुकडे पडले असते. कडक ॲसिडने दोन दिवसांत नरम झाली असती, पण त्यात पेशींतलं ते लिहिलेलं जळून जातं. म्हणून झडपेतला चुना हळूहळू विरघळवणारं पाणी, आणि तीन आठवडे थांबायचं. रोज ती सुईने टोचून बघायची. अजून टणकच.

“मेल्यावर तरी हट्ट सोडा,” ती पुटपुटायची, आणि मग तिला रडू यायचं.

अखेर झडप मेणाच्या ठोकळ्यात बसली. तो ठोकळा काप काढायच्या यंत्रावर चढवून ताईने नवं पातं लावलं, आणि तिच्या खिशात नवऱ्याचा फोन वाजला. तो बंद करणं तिच्या जिवावर आलं होतं. रोज चार्ज करून ती जवळ बाळगायची. नंबर शेजारच्या खोलीतलाच होता. तिथली संशोधक मुलगी ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी प्रत्येक पेशंटच्या घरी फोन करते, तिच्या यादीतही नावं नसतात. हे फोन ताईच्या रोज कानावर पडायचे, आणि नेमकं हेच ती विसरली होती.

राँग नंबर म्हणून ठेवून देता आलं असतं. पण त्याच्या फोनवर खोटं बोलायला जीभ वळेना.

“नमस्कार. एकशे अठरा नंबरचे पेशंट कसे आहेत?”

“गेले. पाचव्या दिवशी.”

कानातला आवाज भिंतीपलीकडूनही येत होता, तसा ताईचा तिकडेही गेला. थोड्या वेळाने मुलगी दारात आली, एका हातात फॉर्म आणि कानाला फोन. तिने ताईकडे पाहिलं, मग यंत्रावरच्या ठोकळ्याकडे, त्यावरच्या आकड्याकडे.

आता ही प्रयोगशाळेच्या साहेबांना हाक मारणार. ताईने यंत्राच्या चाकावरचा हात तसाच ठेवला.

मुलीने आत येऊन दार लावून घेतलं. मान खाली घालून ती फॉर्मवरचा पुढचा प्रश्न फोनमध्येच वाचू लागली.

“माहिती देणाऱ्याचं... पेशंटशी नातं?”

“बायको,” ताई म्हणाली.

फोन बाजूला ठेवून तिने चाक फिरवलं. पहिला काप निघाला, कडेला वळलेला, त्याच्या रंध्याखालून निघायचा तसा. कोमट पाण्यावर सोडून तिने ब्रशने त्याची कड हळूच सरळ केली.