मानकोलीच्या नाक्यावरची उपासना

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे. पण मला म्हातारा म्हणायच्या आधी त्या रविवारची गोष्ट ऐका, मग बोला!

माझं तरुणपण भिवंडीच्या गल्ल्यांत गेलं. मुदस्सिरशेठ माझे पहिले मालक. त्यांच्या लूमवर विणलेल्या कोऱ्या कापडाचे तागे मी वाहायचो. दर शुक्रवारी ते मला धुऊन घ्यायचे आणि दारावर थाप मारून म्हणायचे, "अपना शेर है ये!" पुढे शेठ थकले, लूम बंद पडल्या आणि मी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामामागे पडून राहिलो. टायर बसले. हौद्यात गवत उगवलं. एका कुत्रीने माझ्या सावलीत पिल्लं दिली. त्या पिल्लांखेरीज कुणालाच माझी गरज उरली नव्हती.

तिथून मला दिघाशी गावच्या मनोजने बाहेर काढलं. गंज खरवडला, रंग दिला, गोदामांचे खोके वाहायला जुंपलं. रविवारी मात्र माझा थाट वेगळा! हौद्यात सतरंजी अंथरली जायची आणि गावातली ख्रिस्ती कुटुंबं मानकोलीपलीकडच्या छोट्या चर्चला उपासनेसाठी निघायची. मनोजची आई धोंडूबाई डफ वाजवून गाणं सुरू करायची, आणि माझ्या हौद्याचा मागचा खिळखिळा फाळका खटखट करत ताल धरायचा.

मग मनोजला मुलगी झाली. दिवस भरण्याआधीच आली बिचारी, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. धोंडूबाई आणि बाळाची आई मेघाली प्रार्थना करत राहिल्या. मनोज मात्र माझ्या केबिनमध्ये येऊन बसला आणि स्टिअरिंगवर मूठ आपटून म्हणाला, "देवा, आजपासून तुझा माझा काय संबंध न्हाय!"

तेव्हापासून तो सगळ्यांना चर्चच्या दारात उतरवायचा आणि स्वतः माझ्यातच बसून राहायचा.

पण बाळ जगलं! घरी आलं, चांगलं गुटगुटीत झालं. तरी मनोज आत जाईना. मेघालीने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "वाईट दिवसांत मी पाठ फिरवली. आता आभार मानायला कुठल्या तोंडानं जाऊ?" लेकीचं नावही त्याने ठेवलं नव्हतं. सगळे तिला नुसतं 'बाय' म्हणायचे.

शेवटी बाळाला देवाला अर्पण करायचा रविवार उजाडला. आमच्या चर्चमध्ये तेव्हा बापाने बाळ हातात घेऊन सगळ्यांसमोर नाव सांगायचं असतं. "आज तुम्हीच सांगायचं," मेघालीने बजावलं. मनोजने नुसती किल्ली फिरवली. गाडी तो चालवत होता, पण धडधड वाढली होती माझी!

आणि मानकोलीला पोचतो तर काय, सगळं ठप्प! पुढे एक ट्रेलर आडवा झालेला, मागे कंटेनरांची रांग. उपासनेची वेळ टळून गेली. मनोजने सुटल्यासारखा श्वास सोडला. "आज काय जमत न्हाय. फुडच्या रविवारी बघू."

"फुडच्या रविवारी कशाला?" हौद्यातून धोंडूबाई कडाडली. "देव काय नाक्याच्या पल्याडच बसलाय? वाजवा रे टाळ्या!"

डफावर थाप पडली आणि गाणं उसळलं! रिक्षांतून माणसं डोकावू लागली. मोटरसायकलवाल्यांनी हेल्मेटं काढली. माझा पत्रा असा दणाणला की विचारू नका!

एवढ्यात ट्रकांच्या फटींतून पांढरा झगा वर धरून कोण धावत येतंय? आमचे पास्टर अनंता! मेघालीने फोनवर त्यांना अडकल्याचं कळवलं होतं. त्यांच्यामागे चर्चची सगळी मंडळी. "तुम्हाला येता येईना, म्हणून आम्हीच आलो!" घाम पुसत ते हौद्यात चढले. "मनोज, वर ये."

मनोजला पळायला वाटच नव्हती. तो वर आला. मेघालीने बाळ त्याच्या हातात दिलं.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "पास्टर, मी देवाशी भांडलोय."

"म्हणजे ओळख चांगली आहे तुझी," पास्टर हसले. "एवढं दुःख त्याला ऐकवलंस, आता आनंदही त्यालाच ऐकव."

आणि नेमका तेव्हाच ट्रेलर सरळ झाला. रस्ता सुटला! मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. "गाडी काढतो," म्हणत मनोज बाळ मेघालीकडे परत द्यायला वळला. माझा जीव टांगणीला लागला. आता हा केबिनमध्ये शिरला, की परत सापडायचा नाही!

पण आमच्या मागच्या कंटेनरवर होता यूनुस, गोदामात मनोजच्या बरोबरीने माल भरणारा. त्याने इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि रस्त्यात हात पसरून उभा राहिला. "अरे रुको सब! बच्ची का नाम रख रहे हैं! मनोजभाय, तू बोल रे, आरामात बोल!"

हॉर्नच्या गोंगाटाने दचकून बाळाने भोकाड पसरलं. काचेच्या पेटीत जिच्या रडण्याला आवाजही नव्हता, तिने आख्खा नाका दणाणून सोडला! मनोज तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे वाहू लागले. त्याने लेकीला उंच धरलं आणि हॉर्नच्या वर आवाज काढून ओरडला, "स्तुती! हिचं नाव स्तुती! देवा, तुझे लय उपकार झाले!"

मग काय विचारता! टाळ्या, डफ, शिट्ट्या, यूनुसचा लांबलचक हॉर्न! पास्टरांसकट सगळी मंडळी हौद्यात कोंबून मी गात गातच चर्च गाठलं. मनोजने बाळाला उचललं आणि कुणी बोलवायच्या आत, सगळ्यांच्या पुढे, तो धावत आत गेला. माझं दार उघडंच, इंजिन चालूच.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. वेळेवर ऑइल घाला, गंज चढू देऊ नका. आणि आभार मानायला उशीर झालाय असं वाटलं, तर लाजून बाहेर बसू नका. तसेच धावत जा. उपासना संपेपर्यंत मी दारात धडधडत उभा होतो. डिझेल वाया गेलं, हे कबूल. तुम्ही तसं करू नका. पण त्या दिवशी कुणी येऊन मला बंद केलं असतं ना, तर मी जन्मभर रुसलो असतो!