तांबडीखालची गारगोटी

मित्रांनो, मी एक जुनी गारगोटी आहे. गोल, पांढरी, कोंबडीच्या अंड्याएवढी. फसवणं हा माझा धंदा, आणि तो मी इंझोरीच्या सोजरबाईच्या घरी इमानेइतबारे केला.

अडाण नदीच्या पात्रातून सोजरबाईनं मला उचललं, तेव्हा ती नवी नवरी होती. तिनं मला गवत घातलेल्या टोपल्यात ठेवलं. अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबडीला तलंग म्हणतात. पहिलं अंडं कुठं घालावं, हे तलंगीला कळत नाही. कधी ती तुराट्यांच्या गंजीत घालते, कधी काट्याकुपाटीत, आणि ते मुंगसाच्या पोटात जातं. टोपल्यात मी दिसले, की तिला वाटतं, इथं कुणीतरी आधीच घातलंय, म्हणजे जागा बरी असणार. अशा कितीतरी तलंगींना मी फसवलं. त्या मला पोटाखाली घेत, चोचीनं उलटंपालटं करत आणि माझ्याशेजारी आपलं पहिलं अंडं ठेवत. छोटंसं, कधी रक्ताचा ठिपका असलेलं. सोजरबाई शेजारणींना सांगे, "माह्या घरची अंडी या गोट्यानं देल्ली." मी फुगून जाई. दगडाला फुगता येत असेल तेवढी.

ज्या साली आमचं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्या सालच्या पावसाळ्यात गावात मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मेल्या. घरोघरची खुराडी ओस पडली. आमच्याकडे एक तांबडी तलंग तेवढी वाचली.

पौषात सोजरबाईची सून प्रयागबाई बाळंत झाली. मुलगी झाली. पण प्रयागबाईचं रक्त फार गेलं. उठून बसली, की तिच्या डोळ्यांपुढं अंधार येई. डॉक्टरनं सांगितलं, हिला रोज एक अंडं द्या. रोज एक! साऱ्या गावात एक नव्हतं. प्रयागबाईचा नवरा शालिग्राम आसपासची दोन गावं फिरून रिकाम्या हातानं परत आला. मग सगळ्यांचे डोळे तांबडीकडे लागले.

तांबडीचा तुरा लाल झाला. पाठीवर हात ठेवला, की ती दबून बसू लागली. अंडं जवळ आल्याच्याच या खुणा. रोज सकाळी ती टोपल्यात येई, माझ्यावर बसे आणि तशीच उठून जाई. मग सोजरबाईचा हात आत येई, चाचपडे, मला उचले आणि परत ठेवी. आठ दिवस हेच. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा आपण दगड असल्याची लाज वाटली.

नवव्या दिवशी शेजारची रुपाबाई म्हणाली, "अवं सोजरबाई, ते वांझोटी हाय. अंडं कायचं देते? कापा अन् रस्सा पाजा सुनेले. तेवढंच बळ येईन अंगात."

बाजेवरून प्रयागबाई म्हणाली, "आत्याबाई, दोन दिस थांबा ना. तिचा तुरा तं पाहा."

"तुह्या तोंडाकडं पाहू का तिच्या तुऱ्याकडं?" सोजरबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मित्रांनो, तिला दुष्ट म्हणू नका. ती फार भ्यायली होती.

दुसऱ्या सकाळी तांबडी आली ती वेगळीच. गवताच्या काड्या चोचीनं उचलून पाठीवर टाकू लागली, घशातल्या घशात गुणगुणू लागली. इतक्या तलंगी पाहिल्यात मी, ही खूण मला चांगली ठाऊक. आज अंडं येणार होतं. तेवढ्यात सोजरबाईचा हात आत आला. मला वाटलं, अंड्यासाठी आला. त्यानं तांबडीला उचललं.

शालिग्रामनं तिला कापलं. पोट उघडलं तर आत कवच धरलेलं पुरतं अंडं होतं. त्यामागं पिवळ्या बलकांची माळ. एक मोठ्या बोराएवढा, एक हरभऱ्याएवढा, पुढं पुढं मोहरीएवढे. प्रयागबाईला महिनाभर अंडी पुरली असती. रुपाबाई उठून घरी गेली. सोजरबाई ते गरम अंडं हातात धरून चुलीपुढं बसून राहिली. "माय वं, आजच देनार होती वं ते," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

प्रयागबाईनं ते अंडं खाल्लं, रस्सा प्यायली. दोन दिवस तिच्या तोंडावर थोडी टवटवी होती. मग द्यायला काहीच उरलं नाही. माघ लागायच्या आत ती गेली. तान्ह्या मुलीला तिच्या आजोळी, मेडशीला नेलं. अंड्यांनी प्रयागबाई वाचली असती का, ते मला माहीत नाही. सोजरबाईला मात्र तसंच वाटतं, आणि तिची समजूत कोण घालणार?

तिनं पुन्हा कोंबडी पाळली नाही. टोपलंही फेकलं नाही. आतलं गवत कुजून काळं झालंय.

मित्रांनो, तुमच्या दारी तलंग असेल, तिचा तुरा लाल झाला असेल, तर थांबा. आणि घरातलं आजारी माणूसच थांबा म्हणत असेल, तर त्याचं तरी ऐका. मला त्या सकाळी हेच ओरडून सांगायचं होतं.

अजूनही रोज सकाळी सोजरबाईचा हात टोपल्यात येतो. ती मला उचलते, गरम आहे का ते पाहते, आणि परत ठेवते.