टेप माझ्या गळ्यात

आमच्या शिवणकामाच्या दुकानात एक रीत आहे. माप घेणारी मोठ्याने बोलते आणि दुसरी वहीत लिहिते. तीस वर्षं मीच बोलत आले. ज्याच्या गळ्यात टेप, त्याचं दुकान, हे माझ्या सासूने मला सांगितलं होतं, आणि टेप माझ्या गळ्यात घातली ती तिने अंथरूण धरल्यावरच. तोवर टेपला हात लावू दिला नव्हता बाईने. मी तिच्याहून चिवट आहे.

तर मनात पाल चुकचुकली ती सुनेने नवी टेप आणली तेव्हा. पिवळी, कोरी करकरीत, मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली लपवलेली. मी बॉबीन शोधत होते, सापडली टेप. खण लावून टाकला.

त्याच सुमारास तिचं आणि माझ्या मुलाचं इंग्रजी सुरू झालं. एरवी दोघं मराठीत भांडतात, मराठीतच हसतात. पण मी अस्तराचं कापड आणायला आत गेले की कापायच्या टेबलाशी कुजबूज. मी पडदा सारून बाहेर आले की मुलगा इस्त्री उचलणार आणि सून टाचण्या मोजणार. टाचण्या कुणी मोजतं का? त्या कुजबुजीतून एकच शब्द पुन्हा पुन्हा माझ्या कानावर यायचा. टॉक. लाकडावर सुतारपक्षी बसल्यासारखा, टॉक, टॉक.

मी चौथीपर्यंत शिकलेय, पण बहिरी नाही. इथे पाणी मुरतंय हे कळायला इंग्रजी लागत नाही. कुठलं पाणी, ते कळायला मात्र लागतं.

आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, मास्तरीणबाई. जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलं, आता रिटायर. वीस वर्षं त्यांचे कोट मीच शिवते. त्या नव्या कोटासाठी अस्तराचा रंग निवडायला आल्या, तेव्हा सून बटणं आणायला गेली होती आणि मुलगा मागे होता. मी स्टूल पुढे केलं नि विचारलं, "बाई, टॉक म्हणजे हो काय?"

"बोलणं," त्या म्हणाल्या. "का हो ताई?"

"एवढंच? मग दिवसभर एवढंच काय बोलतात?"

बाईंना चेव चढला. शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये, दुपार जाते. त्या म्हणाल्या, "अहो, त्याच्या मागे काय येतं ते बघायचं. 'टॉक अबाउट' म्हणजे कुणाबद्दल तरी बोलणं. 'टॉक टु' म्हणजे त्याच्याशीच, तोंडावर. 'टॉक ओव्हर' म्हणजे बसून विचारविनिमय. 'टॉक बॅक' म्हणजे उलट उत्तर. आणि 'टॉक इंटू' म्हणजे बोलून बोलून गळी उतरवणं."

"एका शब्दाला शेपट्या किती!"

"आपल्याकडे कमी आहेत का? बोलून दाखवणं, बोल लावणं, बोलणी खाणं..."

"आपल्याकडची मला ठाऊक आहेत," मी म्हटलं. "त्यातली निम्मी मीच वापरते."

त्या दिवसापासून मी कान शेपटीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "यू टॉक टु हर." मुलगा म्हणाला, "नो, यू टॉक टु हर." 'हर' म्हणजे ती, एवढं मला येतं. आणि या घरात मी आणि सून सोडून तिसरी बाई नाही. म्हणजे मला काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायची दोघांचीही टाप नव्हती. आनंदाची बातमी असती तर माणूस धावत येऊन सांगतं. मी त्या पिवळ्या टेपचा विचार करत रिकामी सुई चार वेळा कापडातून ओढली.

गुरुवारी दोघं कापड बघायला गेली, तेव्हा मी मापांची वही काढली. खिडकीशी धरली आणि वर भिंग लावलं. सुईत दोरा ओवायला भिंग सगळेच वापरतात. बघते तर काय, कितीतरी मापांशेजारी कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक दुसरा आकडा. शाईचा वेगळा, पेन्सिलीचा वेगळा. पेन्सिलीचे आकडे वाचले आणि अंगाची लाही लाही झाली. ते मी बोललेले होते. म्हणजे मी बोलते एक आणि ही लिहिते दुसरं! कपडे बिघडणार, नाव माझं जाणार, आणि मग पिवळी टेप खणातून बाहेर येणार. वा गं सूनबाई!

शनिवारी मास्तरीणबाई माप द्यायला आल्या. मी सापळा लावला. त्यांची बाही बावीस इंच, मला झोपेतही पाठ. मी टेप धरली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "बाही चोवीस."

सून लिहीत होती. पुढे छाती घेतली, कंबर घेतली, उंची घेतली, सगळं नीट बोलले. मग टेप गळ्यात टाकली आणि हात पुढे केला.

"वही दे. बाही किती लिहिलीस?"

"बावीस, आई."

"मी काय बोलले?"

"चोवीस."

"मग माझं बोलणं बदलायचा हक्क तुला कुणी दिला? मुद्दाम चुकीचं बोलले मी, तुला पकडायला. सापडलीस!"

मागे इस्त्रीचा आवाज थांबला. सून लाल झाली, पण मागे सरली नाही. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाही मुद्दाम होती ना? मग कंबर?"

"कंबर काय?"

"तुम्ही तेहेतीस बोललात."

"तेहेतीसच आहे."

मास्तरीणबाई हळूच खाकरल्या. "ताई, तेहेतीस तर माझी कंबर लग्नात होती."

मी टेप परत त्यांच्या कंबरेला लावली. आकड्यावर बोट ठेवलं, मान लांब केली, मान जवळ आणली. टेपवरचे इंग्रजी तीन आणि आठ, जुळ्या बहिणींसारखे. कोण कोणती, देव जाणे.

"अडतीस," सून अगदी हळू म्हणाली. "आई, दोन महिने असंच होतंय. मी तुमच्या खांद्यावरून बघते आणि खरं ते लिहिते. तुम्ही बोललेलंही लिहून ठेवलंय, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल."

"आणि ती पिवळी टेप?"

"तिच्यावरचे आकडे मोठे आहेत. तुमच्यासाठीच आणली. द्यायची हिंमत होत नव्हती."

मुलगा पडद्याशी उभा. "ही म्हणते तू सांग, मी म्हणतो तू सांग."

"इंग्रजीत?"

"मराठीत म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस."

"ऐकावं म्हणूनच बोलतात, मेल्या! लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं. तुमचं तर सासूला लागायचं, आणि बोललेलं तिला कळायचंही नाही!"

मास्तरीणबाईंनी उगाच आपल्या बाहीकडे बघितलं. मी जुनी टेप परत गळ्यात टाकली. मग खण उघडला, पिवळी टेप काढली आणि सुनेच्या हातात दिली. हातात. गळ्यात नाही.

"घे माप पुन्हा. मोठ्याने बोल, तोंडातल्या तोंडात नको. मी लिहिते."

वहीचं नवं पान घेतलं. माझे आकडे ओबडधोबड आहेत, एका ओळीत दोनच मावतात, पण भिंगाशिवाय दिसतात. ती बोलली, मी लिहिलं. कंबर अडतीस. बाही ती बावीसच बोलली. मी कान टवकारूनच होते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे बुधवारी जायचंय. मुलगा बरोबर येणार म्हणतोय. येऊ दे. पण आत शिरल्या शिरल्या मी डॉक्टरला बजावणार आहे, जे काय बोलायचं ते माझ्याशी बोल, माझ्या तोंडावर. माझ्याबद्दल बोलायला घरचे पुरेसे आहेत.

जुनी टेप अजून माझ्याच गळ्यात आहे.