शेंदराखालचा क्रमांक

मधुकररावांच्या बैठकीत सागवानी चौकटीचे एक काचेचे कपाट होते. त्यात एक तलवार, एक दांडपट्टा, दोन कट्यारी आणि गेंड्याच्या कातड्याची म्हणून सांगितली जाणारी, परंतु बहुधा म्हशीच्या कातड्याची असलेली एक ढाल, अशी शस्त्रे त्यांनी मोठ्या आस्थेने मांडली होती. सर्वांत वरच्या दोन खुंट्या मात्र रिकाम्या होत्या. तेथे बंदूक यावयाची होती. जवाहरनगरच्या कारखान्यातील भांडार विभागातून निवृत्त होऊन ते आंधळगावी आमच्या शेजारी राहावयास आले त्याला चार वर्षे झाली होती, आणि तेवढी चार वर्षे त्यांच्या पत्नी कुंताबाई त्या खुंट्यांवर छत्री टांगीत असत.

मधुकररावांच्या मनात भरली होती ती स्टेनगन. तारुण्यात लष्कराच्या एका डेपोत त्यांनी अशा शेकडो बंदुका पुसल्या होत्या, तेल लावून फळ्यांवर रचल्या होत्या. नळाच्या तुकड्याला मूठ जोडावी तसे ते ओबडधोबड हत्यार. पण पहिले प्रेम रूप पाहून जडते असे थोडेच आहे! इतकी स्वस्तात घडलेली वस्तू जुनी झाल्यावर सरकार स्वस्तातच देत असेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१९७८ च्या आषाढात ते मला सोबत घेऊन भंडाऱ्याच्या कचेरीत गेले. परवान्यांच्या टेबलावर श्यामराव नावाचे शांत प्रकृतीचे कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि अर्ज हलकेच परत केला.

"साहेब, हे नाव कागदावर लिहू नका. अर्ज इथं राहील आन् तुमचा मुक्काम दुसरीकडे हलेल."

मग त्यांनी समजावून सांगितले, की आपोआप गोळ्या सोडणारे हत्यार सैन्याचे आणि पोलिसांचे. सामान्य नागरिकाला ते ना विकत घेता येते, ना कुणाकडून आपल्या नावावर करून घेता येते. मात्र मधुकररावांची तळ्याखाली दोन एकर धानाची शेती होती आणि तीत रानडुकरे येत. त्यांच्यापासून राखण म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकत होता. जिचे कागद चोख आहेत आणि जिच्यावरील क्रमांक कागदाशी जुळतो, अशी जुनी बंदूक एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे कचेरीच्या संमतीने जाऊ शकत होती.

भाद्रपदात परवाना आला. त्यावर अट होती, की दसऱ्यापूर्वी बंदूक आणून दाखवावी. न दाखविल्यास परवाना रद्द होऊन सारे पुन्हा मुळापासून. मधुकररावांचे वय चौसष्ट होते. पुन्हा अर्ज करण्याचा धीर आपल्यात नाही, हे त्यांनी मला मोहाडीच्या रस्त्यावर, सायकलची साखळी बसवता बसवता सांगितले.

आम्ही शोधास लागलो. एका जुन्या मालगुजाराकडे दुनळी होती. परंतु ती काडतुसांची, परवान्यात न बसणारी, आणि तिची किंमत बैलजोडीएवढी. गावातल्याच सेवकरामकडे ठासणीची होती, तो ती जवळजवळ फुकट देत होता. कागद विचारले तेव्हा तो म्हणाला, की आजोबांचे नाव सारा मुलूख जाणतो, कागद कायले पाहिजे? मधुकररावांनी तापल्या तव्यासारखी ती बंदूक खाली ठेवली, आणि आम्ही चहाही न घेता बाहेर पडलो. सेवकरामला बंदूक न खपल्याचे दुःख झाले नाही; चहा न घेतल्याचे त्याने पुढे वर्षभर बोलून दाखविले.

तिसरी बंदूक करडीला मिळाली. केशरबाई नावाच्या वृद्ध शेतकरीण तिच्या मालकीण. पती तेजराम नऊ वर्षांपूर्वी वारल्यावर परवाना वारसाने त्यांच्या नावावर झालेला होता. कागद कापडात बांधून ठेवलेले, चोख. मुले नागपूरला कामाला. बंदुकीला तेल देईल असे मागे कोणी नव्हते. त्यांनी सांगितलेली किंमत मधुकररावांच्या महिन्याच्या पेन्शनीत बसत होती. मधुकररावांचा चेहरा असा उजळला, की त्यांना अडवावे असे मलाही वाटेना. मग केशरबाईंनी आम्हाला देवघरात नेले.

बंदूक लाल कापडावर निजलेली होती. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत तिला शेंदूर आणि तेल लावण्याचा त्या घराचा तीन पिढ्यांचा आचार. थरावर थर चढून नळीचा मागचा भाग आणि निम्मा दस्ता शेंदराच्या जाड कवचात गेला होता, आणि त्यावर चांदीचे दोन डोळेही बसविलेले होते. क्रमांक त्या डोळ्यांच्या खाली कोठेतरी असावा. परवान्याच्या तपासणीला जो कोणी शिपाई येई, तोही तिला पाहताच जोडे काढून नमस्कार करी आणि सही करून जाई.

मधुकररावांचा हात भांडारातल्या सवयीने खिशातल्या चिंधीकडे गेला. केशरबाईंनी बंदूक उचलून मांडीवर घेतली.

"बंदूक न्या, भाऊ. मी नाही म्हनत नाही. देव कायले खरवडून राहिले?"

मधुकररावांनी चिंधी खिशात परत घातली. क्रमांक दिसल्याशिवाय बंदूक नावावर होणार नाही, असे श्यामरावांनी बजावले होते. आणि पूजेतल्या वस्तूला बळजबरीने हात लावावा, अशांपैकी मधुकरराव नव्हते. दसऱ्याला बारा दिवस उरले होते. शेवटी केशरबाईच माझ्याकडे वळल्या.

"महाराज, मानूस घर बदलते. देव नाही बदलत का?"

मी आयुष्यभर संस्कृत शिकविले, पोथ्या वाचल्या; परंतु इतका नेमका प्रश्न मला कोणा विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. जीर्ण झालेल्या मूर्तीतील देवत्वाला विनंतीपूर्वक जलात आवाहन करावे आणि नव्या आसनी बसवावे, असा विधी आहे. ग्रंथांत पाषाण, काष्ठ आणि धातू यांचा उल्लेख आहे, बंदुकीचा नाही. परंतु बंदूक ही काष्ठ आणि धातू यांचीच असते, असे मी स्वतःला समजावले. शिवाय नवरात्र तोंडावर होते. केशरबाईंच्या घरी घट बसणारच होता.

घटस्थापनेच्या सकाळी मी बंदुकीपुढे बसलो. निरांजन ओवाळले, कापूर लावला, उत्तरपूजा केली, आणि देवाला तळ्याच्या पाण्याने भरलेल्या घटात येण्याची प्रार्थना केली. त्यानंतर केशरबाईंनी स्वतः कोमट जवसाचे तेल बोळ्याने लावले. घटकाभराने शेंदूर सुटू लागला. फणसाच्या सालीसारखे ते जाड कवच त्यांनी ओंजळीत घेऊन तळ्यात सोडण्यासाठी परातीत ठेवले, आणि चांदीचे डोळे घटाला बसविले. देव नव्या घरून आमच्याकडे पाहू लागला.

मधुकरराव केशरबाईंचा परवाना हाती धरून एकेक अंक उघडा होताना पाहत होते. चार अंक जुळले. पाचव्यावर शेंदराचा कण होता. केशरबाईंनी तो नखाने काढला. तोही जुळला. मधुकरराव खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितले.

मग जुन्या सवयीने त्यांनी ठासणीचा गज नळीत सोडला. तो जेथपर्यंत जावयास हवा त्याच्या वीतभर अलीकडेच थांबला. त्यांनी गज बाहेर काढून नळीला लावून मापला, पुन्हा आत सोडला, आणि नळीचे तोंड अत्यंत सावकाश भिंतीकडे वळविले.

"केशरबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ही भरलेली आहे."

तेजरामाने अखेरच्या हंगामात डुकरांसाठी ती ठासून ठेवली असावी. घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी चढविलेली नव्हती एवढेच दैव. नऊ वर्षे तिच्यापुढे रोज दिवा आणि सणासुदीला कापूर जळत होता, आणि त्या सकाळचा कापूर मी स्वतः लावला होता. मी निरांजन उचलून दूर ओसरीवर नेले.

केशरबाई मात्र परात उचलून दाराकडे निघाल्या होत्या. "मंग?" त्या म्हणाल्या. "उगीच हात जोडत होतो का तिले?"

मधुकररावांनी नळीत पाणी ओतून, भिजलेला बार खरवडून अंगणात काढला, तेव्हा कोठे आम्ही चहा घेतला. चार दिवसांनी भंडाऱ्यास श्यामरावांनी क्रमांक दोनदा ताडून पाहिला, जवसाच्या वासाने नाक किंचित आक्रसले आणि शिक्का मारला.

दसऱ्याला बंदूक खुंट्यांवर चढली. छत्री दारामागे गेली. केशरबाई आपट्याची पाने घेऊन करडीहून मुद्दाम आल्या. मी शस्त्रपूजा सांगितली. मधुकररावांनी अंगठाभर कुंकू कालवले आणि भक्तिभावाने ते नळीच्या मागच्या भागाकडे नेले.

"भाऊ," केशरबाई मागून म्हणाल्या, "लाकडाले लावा. नंबर मोकळा ठेवा."

मधुकररावांनी अंगठा वीतभर मागे घेतला आणि दस्त्याला टिळा लावला.