कमंडलूलाही जंत

परातीत मळलेली कणीक, त्यात मध आणि राख.

आतड्याला दात रोवून बसलेला अंकुशकृमी. लांबी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, धंदा रक्त पिण्याचा.

पुण्यातल्या प्रयोगशाळेत लस टोचलेला एक उंदीर.

रजनीची नखं, कागदासारखी पांढरी.

"बिना सुई का वैक्सीन. गोली खाई, तो कीड़ा सीधा गर्भ में."

हे शेवटचं बोलणं राम घाटाच्या खालच्या अंगाला बसणाऱ्या कृमिहर बाबांचं. समोर हात जोडलेली गर्दी. बाबा भक्ताच्या तळव्याला कणीक चोळत, आणि तळव्यातून करड्या अळ्या परातीत पडत. नेम एकच : रोज पहाटे आंघोळ करून ओल्या पायांनी, अनवाणी, घाटामागच्या चिखलातून यायचं. त्या चिखलात लोक कशाला बसतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

मृणाल पुण्यात अंकुशकृमी या जंतावरच्या लशीवर काम करायची. भावजय रजनीची तब्येत बिघडल्याचं ऐकून ती धावत आली होती. तिला सातवा महिना, हिमोग्लोबिन चार. डॉक्टरांनी आजच रक्त चढवायला सांगितलं होतं, आणि भाऊ विलास तिला घेऊन आला होता इथे.

"दादा, वहिनीला आत्ता दवाखान्यात ने."

"तूच म्हणते ना, तुमची लस अजून बनलीच नाही. बाबाजींची बनलेली आहे. डोळ्यांनी बघून राहिली ना?"

"लस नाही, पण गोळी आहे. रक्त आहे."

"राहू दे गं, मृणाल," रजनी धापा टाकत म्हणाली. "थोड्याच अळ्या उरल्यात म्हणे."

मृणालने परातीतली कणीक उचलली आणि बाबांच्या पितळी कमंडलूवर तळहाताने चोळत राहिली. कणीक सुकली, तिच्या वळ्या झाल्या, राखेने करड्या. कमंडलूतूनही अळ्या पडल्या.

"बाबाजी, इसके पेट में भी कीड़े हैं. इसको कौन-सा महीना है?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी डोळे मिटले. "देखो, भक्तों का रोग कमंडल ने पी लिया."

गर्दी कमंडलूच्या पाया पडली. विलास सगळ्यांत आधी.

दुपारी विलासच्या नानाखेड्याच्या घरी रजनी पाय धुताना कोसळली. दवाखान्यात रक्ताची पिशवी आली, तेव्हा ती देण्याजोगं कुणी उरलं नव्हतं. बाबांचा निरोप आला : श्रद्धा कम थी.

ती अळी म्हणजे कणकेची वळी. तव्यावर टाकली तर भाजून निघेल. खरा जंत विष्ठेने घाण झालेल्या मातीतून, डोळ्यांना न दिसता, अनवाणी पायांत शिरतो आणि आतड्यात जाऊन बसतो. तळव्यातून परत येत नाही. चप्पल घाला. संडास वापरा. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. आणि कुणी अंगातून जंत काढून दाखवला, तर त्याला आधी दगडातून काढायला सांगा.

रजनी पहिल्यांदा बाबांकडे गेली ती मूल व्हावं म्हणून. त्या वेळच्या तपासणीत तिच्या पोटात एकही जंत नव्हता.