मागच्या गादीवरचे व्याही

सूड घ्यायचा असला की माणसं वकील बघतात, मांत्रिक बघतात, अगदीच डोकं फिरलं तर कुऱ्हाड बघतात. कामशेतच्या रखमाजीरावांनी मोटार बघायला सुरुवात केली.

त्यांच्याकडं मोटार नव्हती असं नाही. भाताची गिरणी आणि खडीचा ठेका बरा चालला होता तेव्हा त्यांनी एक काळी अमेरिकन मोटार घेतली होती आणि ती स्वतः चालवायलाही शिकले होते. मोटार तशी गुणी होती. फक्त चढ दिसला की तिचं मत वेगळं पडे. पेट्रोलची टाकी होती सीटखाली आणि पेट्रोल तिथून आपल्या पायांनी उतरून इंजिनात जाणार. चढ उभा असला आणि टाकी अर्धी असली की इंजिन राही वर, पेट्रोल राही खाली, आणि दोघांची भेट होत नसे. यावर जाणत्यांनी एक उपाय काढला होता. गाडी फिरवायची आणि उलटी चढवायची. मग टाकी वर, इंजिन खाली, आणि गाडी मुकाट चढे. उपाय रामबाण होता, पण तो करताना माणूस दिसायचा कसा, याचा विचार अमेरिकेत कुणी केला नसावा.

तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक शालू भाज्याला दिली. पहिल्या नागपंचमीला तिला माहेरी आणायला रखमाजीराव मोटार घेऊन गेले. व्याही भिमाजीराव राहायचे भाज्याच्या वरच्या आळीत, डोंगराच्या अंगाला, जिथं बैलही एकदा थांबून विचार करतात. मोटार येणार म्हणून गाव गोळा झालेला. शालू दारात नवं लुगडं नेसून उभी. आणि चढावर मोटारीचं मत वेगळं पडलं. रखमाजीरावांनी तिला फिरवली. गावाला पहिल्यांदा दिसलं ते मोटारीचं मागचं चाक, मग टपाचा मागचा पडदा, आणि शेवटी पाहुण्यांच्या पागोट्याची मागची बाजू.

भिमाजीराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता न थांबवता ते म्हणाले, "व्याही, आलात का गेलात?"

गाव हसला. हसून घरी गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण ते वाक्य चांगलं होतं, आणि मावळात चांगलं वाक्य वाया जात नाही. मळवलीच्या स्टेशनावर हमाल विचारू लागले, आलात का गेलात. कामशेतचा न्हावी तोंडाला साबण लावून विचारू लागला, म्हणजे उत्तर देता येऊ नये. रखमाजीरावांचं नावच 'आले-का-गेले' पडलं. आणि भाज्याला, भिमाजीरावांच्या चुलीपाशी, सासू सरुबाई सुनेला म्हणायची, "आले-का-गेल्याचे लेकी, भाकरी उलट, तुमच्या घरचा धंदाच हाय त्यो."

हे शालूनं तिसऱ्या दिवाळीला बापाला सांगितलं. सांगताना ती हसायला गेली आणि मध्येच तिनं पदर डोळ्यांना लावला.

भाऊबीज होईपर्यंत रखमाजीराव शांत होते. पाडव्याच्या जेवणावर गोड हसत दुसऱ्यांदा श्रीखंडही घेतलं. त्यांना ओळखणारी माणसं त्यामुळंच घाबरली.

बेत त्यांच्या मनात तयार होता. चढ पुढं तोंड करून चढायचा, हे तर झालंच. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. भिमाजीला मोटारीत घालायचा, आणि घालायचा मागं. मागं म्हणजे जिथं गाडीत पोती टाकतात. रखमाजीरावांचा जन्म बैलगाडीच्या मुलखात गेलेला. तिथं ज्याची खिल्लारी जोड त्याच्या हातात कासरा. मालक पुढं बसतो, छाती काढून. मागं बसतात पेंढा, म्हातारी माणसं, आणि ज्यांच्याकडं स्वतःची बैलं नाहीत असे लोक. भिमाजीला असा मागं टाकून भर बाजारातून फिरवायचा, लोणावळ्यापर्यंत. तिथं सोडून द्यायचा. मग ये म्हणावं चालत, आणि तुझं तूच ठरव, आलास का गेलास.

लोणावळ्यात महिपती नावाचा दलाल होता. आधी तो बैलांचा दलाल होता. मुंबईकरांचे बंगले वाढले तसा मोटारींचा झाला. धंदा बदलला तरी भाषा बदलायला त्याला सवड झाली नव्हती.

"रखमाजीराव, जवळपास नवीच पाहिजे ना? तीन हायत माझ्याकडं. तिन्ही शांत, मारकी एक न्हाई."

पहिली मोटार चारी बाजूंनी बंद होती. काचा, मखमली पडदे, आत अत्तराचा वास. एका शेठाणीनं ती दोन पावसाळे वापरली होती, आणि तीही पाऊस नसताना.

"आत बसलेला मानूस भायेरून दिसतो का?" रखमाजीरावांनी विचारलं.

"छे! हवं तर नवरीला न्या. कुणाच्या बापाला दिसायची न्हाई."

"मग नको."

महिपतीनं आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. त्यानं दुसरी दाखवली. हिला पुढं दोघांपुरती जागा आणि पाठीमागं पेटीसारखं झाकण. ते उघडलं की आतून आणखी एक बैठक निघे. महिपती स्वतः आत जाऊन बसला आणि तिथून म्हणाला, "ही बघा डिकी. मुंबईत साहेबलोक नोकराला हितं बसवत्यात."

नोकर म्हटल्यावर रखमाजीरावांच्या डोळ्यांत चमक आली. पण त्यांनी लांबून बघितलं, दोन पावलं बाजूला होऊन बघितलं आणि मान हलवली. डिकीत बसलेला महिपती सगळ्यांच्या वर दिसत होता, देवळातल्या मूर्तीसारखा.

"उंच दिसतो मानूस. ते न्हाई चालायचं. शिवाय आमचं वजन हितं मावायचं न्हाई."

"तुमचं वजन? तुमी तर पुढं बसनार."

"आमच्या पाव्हण्याचं."

तिसरी एका सॉलिसिटराच्या बंगल्यात होती. उघडी, लांबलचक, दुधावरच्या सायीच्या रंगाची. वर्षही झालं नव्हतं तिला. बाईसाहेब तिच्यातून संध्याकाळी वळवणच्या धरणापर्यंत जात आणि सूर्य बुडाला की परत येत. याहून जास्त कष्ट तिनं पाहिले नव्हते. मागची गादी तर एवढी रुंद की त्यावर एखाद्याचं लग्न लागावं. टप खाली पाडला की मागं बसलेला माणूस टाचेपासून शेंडीपर्यंत जगाला दिसणार.

महिपती इंजिनाबद्दल सांगायला लागला, चाकांबद्दल सांगायला लागला. रखमाजीराव मागच्या गादीवर हात फिरवत होते. मग ते म्हणाले, "चढाला तोंड कुनीकडं करती?"

"म्हंजे?"

"चढताना. पुढं का मागं?"

महिपतीला ते वाक्य ठाऊक होतं. पण दलाली बुडेल म्हणून त्यानं हसू गिळलं. दोघं खंडाळ्याच्या घाटात खाली उतरले आणि वर आले. गाडी तोंड वर करून चढली, धाप न लागता. वर आल्यावर रखमाजीराव म्हणाले, "हीच." जुनी काळी मोटार महिपतीनं बदल्यात ठेवून घेतली. तिचं इंजिन तो पिठाच्या गिरणीला लावणार होता. गिरणीला चढ नसतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सायीच्या रंगाची मोटार भाज्याचा चढ एका दमात चढली आणि भिमाजीरावांच्या ओट्याला नाक लावून उभी राहिली. रखमाजीरावांनी विजेचा भोंगा एवढा वाजवला की डोंगरातली गुरं खाली बघू लागली. गाव जमला. भिमाजीराव बाहेर आले. अडकित्ता हातात होता पण चालत नव्हता.

"नवी?" ते म्हणाले.

"नव्यासारखी," रखमाजीराव म्हणाले. "चला व्याही, लोणावळ्याला चक्कर मारून येऊ. आज बाजार हाय."

भिमाजीराव जन्मात मोटारीत बसले नव्हते. संशय त्यांना आला, पण मोहही आला, आणि मोहाचं पारडं जड होतं. आत जाऊन त्यांनी जरीचं पागोटं घातलं, खांद्यावर रेशमी उपरणं टाकलं आणि पुढच्या दाराकडं निघाले.

"तितं न्हाई," रखमाजीराव म्हणाले. त्यांनी मागचं दार उघडलं. "तुमी मागं."

त्यांच्या तोंडावर गोड हसू होतं. शालू दारातून बघत होती. तिला ते हसू ओळखीचं होतं. पाडव्याच्या श्रीखंडावर ती ते एकदा बघून चुकली होती.

मळवलीच्या रेल्वे फाटकाशी फाटकवाला खोलीतून धावत आला. त्यानं फाटक उघडलं, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. सलाम रखमाजीरावांच्या डोक्यावरून मागं गेला. त्यांना वाटलं, माणसाची नजर जरा तिरळी असेल.

लोणावळ्याच्या बाजारात नजरा तिरळ्या नव्हत्या. तिथं दर शनिवारी मुंबईचे शेठ उतरत. पुढं बसतो तो ड्रायव्हर आणि मागं बसतो तो शेठ, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. एका केळीवालीनं केळ्यांची फणी उचलून मागच्या गादीकडं नेला, "घ्या की शेठ, गोड हायत." पेट्रोलवाला भिमाजीरावांपुढं वाकून म्हणाला, "किती टाकू, मालक?" आणि रखमाजीरावांकडं वळून, "ए डायवर, झाकन खोल. बघत काय बसला?"

भिमाजीरावांना काय घडतंय ते कळायला थोडा वेळ लागला. पण ते हुशार गृहस्थ होते. त्यांनी उपरणं सारखं केलं, पाठ गादीला टेकली आणि म्हणाले, "भर की पुरी. पैसं डायवर देतो."

रखमाजीरावांनी पैसे दिले. दुसरं करणार काय? भर बाजारात 'ही मोटार माझी' म्हणून ओरडणारा माणूस ड्रायव्हरपेक्षाही गरीब दिसतो. त्यांनी चहाच्या दुकानापुढं गाडी थांबवली, खाली उतरले आणि व्याह्याला उतरवायला मागचं दार खसकन उघडलं. "शिकवलेला हाय," चहावाला कौतुकानं म्हणाला.

भिमाजीराव बाकावर बसून बशीत चहा ओततायत एवढ्यात रखमाजीरावांनी मोटार सुरू केली आणि निघाले. बेत बेतासारखा चालला होता. फक्त मागून आरडाओरडा झाला, "पळाला! शेठची गाडी घेऊन डायवर पळाला!" पुढं दोन टांगेवाल्यांनी रस्ता अडवला आणि एका हवालदारानं रखमाजीरावांचा दंड धरून त्यांना खाली घेतलं.

"मालकाला टाकून मोटार पळवतोस?"

"मोटार माझी हाय!"

"व्हय, आन् लोणावळं माज्या सासऱ्याचं हाय." हवालदारानं त्यांना चहाच्या दुकानापर्यंत आणलं. मागं शंभरएक माणसं. "शेठ, हा म्हंतो गाडी माजी. तुमी सांगा, आन् चौकीवर येऊन तेवढं लिवून द्या."

भिमाजीरावांच्या हातात बशी होती. अर्ध्या तासात ते भिमाजीचे शेठ झाले होते, चार जणांनी त्यांना वाकून नमस्कार केला होता. पण चौकी म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. खोटं गावात बोलायला ते भीत नसत. खोट्यावर सही करायला भीत.

"मोटार... ह्यांची हाय," ते म्हणाले. "मी शेठ न्हाई."

रखमाजीराव तीन वर्षं या क्षणासाठी जगले होते. दंड हवालदाराच्या हातात असतानाही त्यांनी मान ताठ केली. "मोठ्यानं सांगा व्याही. मागच्या लोकांना ऐकू आलं न्हाई."

"ह्यांची मोटार हाय!"

"आणि तुमी कोन?"

"मी शेठ न्हाई!" भिमाजीराव ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. गर्दी एकदम पातळ झाली. चहावाल्यानं लगेच चहाचे पैसे मागितले.

रखमाजीराव एकटे मोटारीत बसून निघाले. मागं वळून बघितलं नाही. कार्ल्याच्या फाट्यापर्यंत ते गाणं म्हणत गेले, आणि त्यांना गाणं येत नसे.

मग ते बातमीची वाट बघू लागले. भाज्यात केवढी छी-थू झाली असेल! बातमी संक्रांतीला आली, शालूच्या तोंडून. ती आली तीच नव्या काकणांनी हात भरून.

"आबा, तुमी मामंजींवर काय मंतर टाकलाय?"

"का गं?"

"साऱ्या गावाला सांगत सुटल्यात. म्हंत्यात, आमच्या व्याह्यानं मला शेठावानी मागं बसवलं आन् सोता डायवर झाला. असा व्याही बारा मावळांत न्हाई. सासूबाई आता मला शालूबाई म्हंत्यात. भाकरी मी केली तर आधी मला वाढत्यात."

"आन् परत कसे आले, ते न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. तुमाला खडीचं काम निघालं, म्हून त्येंनीच हट्टानं तुमाला लावून दिलं आन् सोता आगगाडीनं आले."

रखमाजीरावांना घाम फुटला. लोणावळ्यातली ती शंभर माणसं दोघांनाही ओळखत नव्हती, आणि भाज्यातलं एकही माणूस तिथं नव्हतं. त्यांचा सूड झाला होता, पण त्याला साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे खुद्द भिमाजी. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. शालू काकणं वाजवून बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"मामंजींनी निरोप दिलाय," ती म्हणाली. "म्हनाले, आबांना सांग, पुढल्या बाजाराला वाट बघतो. असं म्हंताना लय गोड हसत व्हते."

पुढल्या बाजाराला रखमाजीराव भाज्याच्या वरच्या आळीत हजर झाले. भिमाजीराव तयारच होते, जरीचं पागोटं, उपरणं आणि सोबत शेजारचे दोघे. तिघं मागच्या गादीवर ऐसपैस बसले.

"हे कोन?" रखमाजीरावांनी दातांतून विचारलं.

"माजे पाव्हणे. तुमची कीर्त ऐकून आल्यात. भिवजी, नीट पाय पसर. व्याह्याचीच गाडी हाय."

उंबऱ्यात सासू-सून शेजारी शेजारी उभ्या होत्या. सरुबाईचा हात शालूच्या खांद्यावर होता. रखमाजीरावांनी एकदा तो हात बघितला, एकदा आरशातले तिघे बघितले.

"लोणावळ्याला घेऊ का, मालक?" ते म्हणाले, आणि एवढ्या जोरात गियर टाकला की मागचे तिघेही गादीवर आडवे झाले.